शालूबाईंच्या अल्टोची किंमत

रिव्हर्स गिअरला घाबरणाऱ्या बायका शालूबाई चौगल्यांनी आजवर पुष्कळ बघितल्या होत्या, पण तमन्नासारखी दुसरी कुणी नव्हती. पुढं जाताना पोरगी झकास चालवायची. क्लच अलगद सोडायची, वळणावर हॉर्न द्यायला विसरायची नाही, समोरून म्हशींचा कळप आला तरी गडबडायची नाही. पण "आता जरा मागं घे" म्हटलं की झालं! गिअर उजवीकडं नेऊन खाली ओढायचा, एवढंच ते काम. तेवढ्यात तिच्या तळहातांना घाम फुटायचा आणि मोटार आचका देऊन बंद पडायची.

"आक्का, पाठीमागचं काय दिसतच न्हाय हो," ती रडकुंडीला येऊन म्हणायची.

"दिसत न्हाय म्हणूनच तर आरसं लावल्यात. घरात एका आरशापुढं किती वेळ उभी ऱ्हातीस? हितं तीन हायत, बघ की जरा."

तमन्ना हसायची, आणि हसता हसता मोटार पुन्हा बंद पाडायची.

तमन्ना कबनूरची सून. सासऱ्यांचे यंत्रमाग होते, नवरा फराज कापडाच्या व्यापारात. दारात मोटार उभी असायची, पण फराज गावाला गेला की लेकराला दवाखान्यात न्यायलाही दिराची वाट बघत बसावं लागायचं. म्हणून दोन महिन्यांसाठी माहेरी, कोल्हापूरला आल्यावर ती थेट शालूबाईंकडं आली. कारण यादवनगरातल्या तिच्या आईच्या शेजारणीला मोटार शिकवली होती ती शालूबाईंनीच.

शालूबाईंना सगळं कोल्हापूर आक्का म्हणायचं. पन्नाशी ओलांडलेली बाई, अंगानं भक्कम, आवाज असा की पाचगावच्या मैदानात एका टोकाला उभं राहून दुसऱ्या टोकाची मोटार थांबवतील. माहेर राधानगरीच्या खालच्या अंगाला, भाताच्या खाचरांचं गाव. वडील गावातल्या दुधाचे कॅन जीपमधून डेअरीला पोचवायचे. शालू लहानपणापासून त्यांच्या शेजारच्या सीटवर बसायची, बघता बघता शिकली. एकदा वडील तापानं फणफणले, पावसानं निम्मा रस्ता वाहून नेलेला, आणि दारात कॅन तसेच उभे. दूध नासणार, म्हणून पोरगीच जीपमध्ये चढली. डेअरीतल्या माणसांनी जीप आलेली बघितली, पण चालवणारं कुणी दिसेना. स्टेअरिंगच्या वर तिचं नुसतं कपाळ दिसत होतं म्हणे. घरी आल्यावर आईनं रागं भरलं. वडिलांनी गोधडीतनंच विचारलं, "उतारावर गिअर कंचा टाकलावतास?" "दुसरा," पोरगी म्हणाली. "मग बरोबर," म्हणून ते झोपले.

लग्न होऊन ती कोल्हापुरात आली. नवरा हंबीरराव बिद्रीच्या साखर कारखान्यात स्टोअरला. सकाळी डबा घेऊन जायचे ते संध्याकाळी यायचे. स्वभावानं शांत, बायकोच्या भानगडीत न पडणारे. शेजारची एक बाई ड्रायव्हिंग क्लासला जायची, तिला सोबत म्हणून शालूबाई गेल्या. तिथला शिकवणारा प्रत्येक चुकीला डॅशबोर्डवर हात आपटायचा आणि म्हणायचा, "बाई, चूल पेटवायला आलायसा का मोटार चालवायला?" चौथ्या दिवशी शेजारीण रडत घरी गेली, ती पुन्हा स्टेअरिंगला शिवली नाही. शालूबाईंनी त्या दिवशी हंबीररावांना जेवताना सांगितलं, "मी शिकवतो बायकांना." आमच्याकडच्या बायका जातो, शिकवतो असंच म्हणतात, आणि शालूबाई म्हणाल्या की त्यात माघार नसायची. लायसन होतं, पण शिकवायचा परवाना काढायचा तर मोटार मेकॅनिकचा कोर्स लागतो असं कळलं. मग दोन पोरांची आई मिसरूड फुटलेल्या पोरांच्यात बसून कार्ब्युरेटर खोलायला शिकली.

तेव्हापासून शाळा चालू होती. आताची पांढरी अल्टो ही शाळेची दुसरी मोटार. नवी घेतली तेव्हा उद्यमनगरातल्या लालासाब मिस्त्रींनी तिच्या डाव्या बाजूला शिकवणाऱ्यासाठी दुसरा क्लच आणि दुसरा ब्रेक बसवून दिला होता. किती जणी त्या मोटारीत शिकल्या त्याला गणती नाही. नर्स, मास्तरीणबाई, गुळाच्या व्यापाऱ्याच्या सुना, आणि एक साठीची आजी, जिला फक्त एकदा जोतिबाला स्वतः मोटार घेऊन जायचं होतं. गेली ती. येताना नारळही आणला.

त्या दिवशी सकाळी शालूबाईंनी तमन्नाला कळंब्याच्या पुढं, कात्यायनीच्या चढाकडं घेतलं. गळीत हंगाम ऐन भरात होता. बिद्रीकडं निघालेल्या उसाच्या ट्रॅक्टरांची रांग लागलेली. एकेका ट्रॅक्टरला दोन-दोन ट्रॉल्या, आणि ट्रॉलीच्या वर माणूसभर ऊस. पुढचा ट्रॅक्टर चढाला लागला आणि धूर ओकत कासवाच्या गतीनं सरकायला लागला. तमन्ना त्याच्या मागं होती.

"अंतर ठेव," शालूबाई म्हणाल्या. "अजून ठेव. उसाच्या मागं कधी चिकटायचं न्हाय."

तमन्नानं मोटार थांबवली. ट्रॅक्टर पुढं गेला. आणि चढाच्या मध्यावर कसलातरी लोखंडी आवाज झाला. मागची ट्रॉली थांबली. पुढची ट्रॅक्टरबरोबर वर निघाली, मागची थांबलेलीच. क्षणभर ती तशीच उभी राहिली, जणू तिला कुणीतरी हाक मारली आहे. मग सावकाश मागं यायला लागली.

"तमन्ना, रिव्हर्स!"

शालूबाईंनी आपल्या बाजूचा क्लच दाबला. गिअर मात्र तमन्नाच्या हाताखाली होता, आणि ॲक्सिलरेटर एकच, तोही तिच्याच पायाखाली. शालूबाईंनी मागं वळून बघितलं. मागं एक दुधाचा टेम्पो होता, त्याच्या ड्रायव्हरनं आधीच ओळखून गाडी बाजूला घातली होती. रस्ता मोकळा होता.

"मागं कुणी न्हाय! घे! सरळ घे!"

तमन्नाचा हात उजवीकडं गेला, खाली आला. गिअर पडला. शालूबाईंनी क्लच सोडला आणि अल्टो कण्हत मागं सुटली. तमन्नानं आरशात बघितलं की नाही कुणास ठाऊक. पण मोटार सुतासारखी सरळ मागं गेली. ट्रॉली मात्र आता वेगात होती. ती वाकडी झाली, तिचं एक चाक रस्त्याकडेच्या चरीत गेलं, आणि कलंडताना तिच्या कोपऱ्यानं अल्टोचं नाक दाबलं. त्याबरोबर वरचा सगळा ऊस धबधब्यासारखा बॉनेटवर आणि पुढच्या काचेवर आला. आत अंधार झाला.

काही वेळ नुसता उसाचा वास. मग शालूबाईंनी विचारलं, "लागलं काय गं कुठं?"

"न्हाय," अंधारातनं आवाज आला. "आक्का, गाडी बंद पडली."

"पडू दे. आज पडली तर चालतंय."

मागच्या दारानं दोघी बाहेर आल्या. एकीलाही खरचटलं नव्हतं. बघता बघता माणसं जमली, उसाच्या मोळ्या बाजूला काढायला लागली. ट्रॅक्टरचा मालकच ट्रॅक्टर चालवत होता. बाळासो त्याचं नाव. तो धावत खाली आला, तो हात जोडूनच.

"ट्रॉलीच्या पिनीला लॉक का न्हवतं?" शालूबाईंनी पहिला प्रश्न केला.

"व्हतं आक्का, तुटलं..."

"तुटलं का तारंनं बांधलंवतंस?"

बाळासोनं मान खाली घातली. शालूबाईंनी त्याला भर रस्त्यात असा फैलावर घेतला की जमलेल्या माणसांनी मोळ्या उचलायच्या थांबवल्या. मग त्यांचं लक्ष त्याच्या अजून जोडलेल्या हातांकडं गेलं, आणि त्यांनी आवाज खाली आणला. "जा, पाणी पी आधी. आन हंगाम संपायच्या आत चांगली पिन बसीव. उद्या दुसऱ्या कुणाच्या अंगावर जाईल."

तमन्ना रस्त्याकडेच्या दगडावर बसली होती. तिनं अल्टोकडं बघितलं. बॉनेट दुमडून वर आलेलं, काचेचा चुरा, छपराचा पुढचा भाग आत बसलेला. "मी मोडली तुमची मोटार," ती म्हणाली.

पोलिसांचा पंचनामा झाला. बाळासोच्या विम्यातनं भरपाई मागायची तर दावा, तारखा, वकील; शालूबाईंना तेवढी सवड नव्हती. आपल्याही मोटारीचा पुरा विमा आहेच, त्यातनं दुरुस्त करून घेऊ, असं त्यांनी ठरवलं. त्यांचा भाचा अमरसिंह विम्याचंच काम करायचा. त्यानं फोनवर सगळं कळवलं आणि मोटार कंपनीच्या वर्कशॉपला नेली.

दोन दिवसांनी विम्याचे सर्व्हेअर मोटार बघायला आले. विजयसिंह नाव, मृदू बोलणारा माणूस, गळ्यात कॅमेरा. त्यांनी मोटारीभोवती चार फेऱ्या मारल्या, खाली वाकून बॅटरीचा उजेड मारून बघितलं, तमन्नाचं शिकाऊ लायसन तपासलं, शालूबाईंचा परवाना तपासला. सगळं जागच्या जागी होतं. मग वर्कशॉपनं काढलेला खर्चाचा अंदाज वाचला आणि जरा घुटमळले.

"मॅडम, ही गाडी दुरुस्तीत बसत नाही. टोटल लॉस होईल."

"टोटल कसली वो पावणं?" शालूबाई उसळल्या. "मागचं सगळं धड हाय. डिकी उघडून बगा, माझी पाण्याची बाटलीबी फुटली न्हाय."

"गाडी पूर्ण मोडली असा त्याचा अर्थ नाही," विजयसिंह म्हणाले. त्यांनी पॉलिसीचा कागद काढला आणि एका चौकटीवर बोट ठेवलं. "ही बघा तुमच्या गाडीची ठरलेली किंमत. आयडीव्ही म्हणतात हिला. गाडी चोरीला गेली, जळाली, काहीही झालं, तरी कंपनी जास्तीत जास्त एवढेच देते. आणि दुरुस्तीचा खर्च ह्या किमतीच्या पाऊण हिश्श्याच्या वर गेला, की दुरुस्त करायची नाही. गाडी गेली असं धरून ही रक्कम देऊन टाकायची, असा नियम. तुमची किंमत आहे नव्वद हजार. खर्च निघतोय ऐंशीच्या पुढं."

"नव्वद?" शालूबाईंनी चष्मा लावला, कागद जवळ धरला, लांब धरला. आकडा तोच. "अशी अल्टो बाजारात दीड लाखाच्या आत मिळत न्हाय साहेब. रोज बघतो मी. आन ही तर माझ्या हाताखालची. ही किंमत ठरीवली कुणी?"

"तुम्ही आणि कंपनीनं मिळून."

"मला कुणी इचारलं न्हाय!"

विजयसिंह हसले नाहीत, हे शालूबाईंनी मनात नोंदवलं. ते एक टायर पडलं होतं त्यावर टेकले आणि समजावून सांगायला लागले. गाडी नवी असते तोवर सरळ हिशेब असतो. गाडी बनवणारा कारखाना त्या मॉडेलची आज जी किंमत लावतो ती धरायची, आणि गाडीच्या वयाप्रमाणं तीतून घट काढायची. सहा महिन्यांच्या गाडीला अगदी थोडी. मग दरवर्षी वाढत वाढत पाचव्या वर्षी निम्मी. रजिस्ट्रेशनचा खर्च त्यात येत नाही, विम्याचा हप्ता येत नाही. पण पाच वर्षं उलटली की तक्ता संपतो. पुढं गाडीची स्थिती आणि बाजार बघून मालकानं आणि कंपनीनं बोलून किंमत ठरवायची.

"तुमची गाडी पाच वर्षांच्या वर गेली त्याला बरीच वर्षं झाली, मॅडम. दरवर्षी कुणीतरी तुम्हाला विचारलं असणार."

शालूबाईंना आठवलं. विचारलं होतं. दरवर्षी अमरसिंहचा फोन यायचा, आणि नेमका तेव्हा यायचा जेव्हा कुणीतरी बाई चौकात मोटार बंद पाडून मागच्या हॉर्नांनी भेदरलेली असायची. "आत्ती, व्हॅल्यू जरा खाली घेतली तर हप्ता कमी बसतोय, घेऊ काय?" "घे रं घे, कमी करून टाक. क्लच सोडू नको गं! ठेव फोन." असं दरवर्षी कमी करून करून त्यांनीच आपल्या मोटारीला इथवर आणलं होतं.

"आता वाढवून मिळणार न्हाय?"

"पॉलिसी चालू होताना ठरते ती वर्षभर तीच. अपघातानंतर बदलत नाही. नाहीतर प्रत्येकजण अपघात झाल्यावरच किंमत सांगायला येईल."

हे मात्र शालूबाईंना पटलं. त्यांनी मान हलवली. मग आठवून म्हणाल्या, "आन माझी पेडलं? डावीकडची? ती तर लालासाबनं बसवलीत, बक्कळ पैसं घेऊन."

विजयसिंहांनी कागद पुन्हा चाळला. "ती ह्यात नाहीत. कारखान्यानं बसवलेल्या वस्तू गाडीच्या किमतीत येतात. तुम्ही वरनं काही बसवलं तर त्याची किंमत वेगळी सांगून लिहून घ्यावी लागते."

"म्हंजे त्याचं पैसं गेलं."

"पैसे नाही मिळणार. पण ज्या वस्तूचा विमाच नाही ती मला गाडीबरोबर घेताही येत नाही." ते पहिल्यांदा हसले. "पेडलं काढून न्या, मॅडम. तुमचीच आहेत."

घरी येताना शालूबाई रिक्षात बसल्या. दुसऱ्यानं चालवलेल्या गाडीत त्या कधी गप्प बसल्या नव्हत्या, पण त्या दिवशी रिक्षावाल्यानं सिग्नल नसताना वळण घेतलं तरी काही बोलल्या नाहीत. हंबीररावांनी चहा केला. शालूबाईंनी सगळं सांगितलं, आणि शेवटी म्हणाल्या, "एवढ्या बायका शिकवल्या तिनं, आन किंमत नव्वद हजार!"

हंबीररावांनी कप खाली ठेवला. आयुष्यभर त्यांनी कारखान्याच्या स्टोअरमध्ये बेअरिंगं, बोल्ट, साखळ्या दिल्या-घेतल्या होत्या. "शालू," ते म्हणाले, "इमा पत्र्याचा असतोय. शिकवलं ते तू. ते कुठं मोडलंय?"

शालूबाईंनी चहा प्यायला.

एक वाट अजून उरली होती. मोडकी मोटार आपल्याकडंच ठेवायची, तिची भंगाराची किंमत वजा करून उरलेले पैसे घ्यायचे, आणि बाहेर स्वस्तात बनवून घ्यायची. अमरसिंहनं सांगितलं, असंही होतं, कागद थोडे वाढतात इतकंच. शालूबाई लगेच उद्यमनगरात गेल्या आणि लालासाबना वर्कशॉपला घेऊन आल्या. लालासाब मिस्त्री त्या पांढऱ्या अल्टोला पहिल्या दिवसापासून ओळखायचे. ते पाठीवर झोपून खाली शिरले ते बराच वेळ बाहेर आले नाहीत. बाहेर आले तेव्हा हात पुसत राहिले.

"बनवतो की आक्का. अशी बनवतो, रंग मारून अशी देतो, की कुणी वळखणार न्हाय."

"मग कधी देतोस?"

लालासाब अजून हातच पुसत होते. "देतो. पण पुढची चासी वाकलीय, खालचा सांगाडाच. ओढून सरळ करू, तरी ती पहिल्यासारखी धरणार न्हाय. उद्या परत कायतरी झालं..." त्यांनी फडकं खांद्यावर टाकलं. "माझ्या पोरीला मी हिच्यात बसवणार न्हाय, आक्का. पुढचं तुमचं तुमी बघा."

शालूबाईंना निर्णय घ्यायला तेवढं पुरलं. ज्या मोटारीत लालासाब आपल्या पोरीला बसवणार नाहीत तिच्यात दुसऱ्याच्या लेकी-सुना कशा बसवायच्या? त्यांनी तिथूनच अमरसिंहला फोन केला. "देतो म्हणावं. गाडी घेऊन जावा, आन नव्वद हजार द्या." मग लालासाबनी डावीकडची दोन्ही पेडलं आणि त्यांच्या तारा सोडवून पोत्यात बांधल्या, शालूबाईंनी छपरावरचा वाकलेला बोर्ड काढला, आणि मोटारीच्या मागच्या दारावर एक थाप मारली, म्हैस दुसऱ्याच्या दावणीला जाताना मारतात तशी. डोळ्यांत पाणी आलं होतं, पण लालासाब बघत होते म्हणून त्यांनी तारेच्या गुंडाळीत खोट काढली.

त्या सगळ्या गडबडीत तमन्ना मात्र आली नाही. फोन केला तर आई म्हणायची, झोपलीय, बाहेर गेलीय. मग एका दुपारी शालूबाई स्वतःच यादवनगरात गेल्या. तमन्नाची आई लालबी, त्यांनी आत बोलावलं, खुर्ची दिली, आणि हळूच सांगितलं, "ती म्हणतीया, मी आक्काची रोजीरोटी मोडली. कबनूरला परत जातो म्हणतीया."

तमन्ना दाराआड उभी होती. शालूबाई तिथूनच मोठ्यानं बोलल्या, गल्लीला ऐकू जाईल असं. "व्हय गं, ट्रॉली तू ढकललीस का काय?"

ती पुढं आली. "मी वेळेत मागं घेतली असती तर..."

"वेळेतच घेतलीस. महिनाभर गिअर पडत न्हवता, आन नेमका तवाच पडला. पडला नसता तर सर्व्हेअर मोटारीपाशी न्हाय, आपल्या दोघींच्या घरी आला असता. इचार लालासाबला, ट्रॉलीचा कोपरा कुठं बसलाय ते. चार हात पुढं असतो तर सीटवर बसला असता." त्या थांबल्या, आणि आवाज उतरला. "मोटारीचं वय झालंवतं पोरी. तिची किंमत मीच दरवर्षी खाली आणत व्हतो. तुझा त्यात काय संबंध?"

लालबींनी शिरकुर्मा नाही तरी शेवयांची खीर आणली, आणि तमन्ना दुसऱ्याच दिवशी यायला कबूल झाली. मोटार नव्हती, म्हणून फराजनं कबनूरहून घरची मोटार धाडली. तिला डावीकडं पेडल नव्हतं. शालूबाई तिच्यात बसल्या तेव्हा त्यांचा डावा पाय सवयीनं दर वळणावर रिकामी जमीन दाबत होता. पण तमन्नानं एकदाही त्यांना ब्रेकची गरज पडू दिली नाही. पाचगावच्या मैदानात तिनं दोन विटांमधून मोटार मागं घेतली, खाली उतरून बघितलं, आणि पुन्हा बसून पुन्हा घेतली. टेस्टच्या दिवशी तर साहेब म्हणाले, रिव्हर्स कुणाकडं शिकलात?

महिनाअखेरीस विम्याचे पैसे आले. त्यात शालूबाईंनी आपले घातले, आणि लालासाबनी शोधून दिलेली तीन वर्षं वापरलेली अल्टो घेतली, तीही पांढरीच. पेडलं तिला बरोब्बर बसली. विमा काढायला अमरसिंह घरी आला. ह्या वेळी शालूबाईंनी त्याला फोनवर बोलूच दिलं नव्हतं, स्वयंपाकघरात पाटावर बसवलं, पुढ्यात पोह्यांची बशी ठेवली आणि म्हणाल्या, "आता वाच. एकेक चौकट."

अमरसिंह वाचायला लागला. गाडी चौथ्या वर्षात होती, म्हणजे कारखान्याच्या आजच्या किमतीतून चाळीस टक्के वजा. "आत्ती, ह्यात थोडं खाली-वर करता येतंय. खाली घेतलं तर हप्ता..."

"हप्त्याचं नाव काढलंस तर पोहे परत घेईन."

"मग वर घेऊ? लाखभर वाढवू?"

"वाढवून काय हुतंय?"

"तसं काय न्हाय," त्यानं प्रामाणिकपणे सांगितलं. "उगच फुगवली तर कंपनी मान्य करत न्हाय. केलीच तर हप्ता जास्त जातोय, आन भरपाईच्या वेळी बाजारभावावरनं वाद घालत्यात. आज इकायला काढली तर जेवढं पैसं येतील, त्याच्या आसपास किंमत धरायची. ते सगळ्यात बरं."

शालूबाईंना एकदम माहेरचा जनावरांचा बाजार आठवला. वडील म्हैस विकताना गिऱ्हाइकाला धार काढून दाखवायचे. "म्हंजे दूध हाय तेवढंच सांगायचं," त्या म्हणाल्या. "जास्त न्हाय, कमी न्हाय. लिही. आन माझी पेडलं वेगळी लिही. न्हाईतर उद्या ती आन मी, दोघं रस्त्यावर."

"आन गाडीची पाच वर्षं भरून तक्ता संपला की?"

"तवा मी बसतो तुझ्यासंगं बोलायला. लालासाबला घेऊन बसतो. फोनवर न्हाय."

अमरसिंहनं लिहिलं, पोहे संपवले, अजून मागितले. हंबीररावांनी पॉलिसी हातात घेऊन सगळी वाचली, मागची बारीक अक्षरंसुद्धा, आणि "ठीक आहे" म्हणून कपाटात ठेवली.

त्यानंतर शालूबाईंच्या शाळेत एक नवा धडा सुरू झाला. शेवटच्या दिवशी बाईला मैदानाकडेच्या झाडाखाली बसवायचं, घरच्या मोटारीची पॉलिसी घेऊन यायला सांगायचं, आणि ती चौकट कुठं असते ते बोटानं दाखवायचं. काही जणींना ते पटायचं, काहींना जांभया यायच्या. एकीनं तर पॉलिसीऐवजी नवऱ्यालाच आणलं.

गेल्या आठवड्यात बयाबाई नावाची एक दणकट बाई राधानगरीहून एसटीनं आली होती. पोराची दुधाची पिकअप होती. पोरगं परगावी गेलं की दूध अडायचं, म्हणून तिला शिकायचं होतं. शेवटच्या दिवशी ती पॉलिसी बघून म्हणाली, "आक्का, हे लिवल्यात त्याच्या दुप्पट किमतीला कालच एकजण मागत व्हता आमची गाडी."

"मग?"

"मग काय! पोराला फोन लावला. म्हटलं, आसं कसं लिवलंस? तर म्हणतोय, आई, हप्ता कमी बसतोय." बयाबाईनं कपाळाला हात लावला. "म्हटलं, म्हशीचा इमा काढताना डॉक्टरला चार येळा घिऊन आलास, आन गाडीला फोनवर कमी करतोस व्हय रं? परत काढताना मला बोलीव."

शालूबाई खळखळून हसल्या. उन्हं वर आली होती, मैदानाच्या पलीकडं पुढची बाई येऊन उभी राहिली होती, ओढणी घट्ट खोचून.

"चला बयाबाई," त्या म्हणाल्या, "जायच्या आधी एकदा चढावर हाफ क्लच घेऊन दाखवा. काल गाडी मागं सरकलीवती."